वीस खंबे आणि एक वरमाय

पत्र असं आहे:

‘ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. डिसेंबरमध्ये मुलाचं लग्न आहे. शुक्रवारी संध्याकाळी संगीत, ऐरोलीतल्याच एका हॉलमध्ये, फक्त आमच्याकडची ९० माणसं. रविवारी सकाळी लग्न आणि संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन, ४०० आमंत्रणं. दोन्हीकडे ड्रिंक्स ठेवायची, असं घरातल्या पुरुषांनी ठरवून टाकलंय. नणंदेचे यजमान म्हणतात, नुसत्या संगीतालाच २० खंबे आणि १० पेट्या बिअर लागेल, कमी पडलं तर नाक कापलं जाईल. गोव्याहून स्वस्तात आणून देतो, असंही म्हणतात. रिसेप्शनचा केटरर माणशी अनलिमिटेड पॅकेज देतोय. व्याही जुन्नरकडचे, माळकरी. माझ्या धाकट्या दिरांनी चार वर्षांपूर्वी दारू सोडली, ते आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, त्यांची मला धास्ती वाटते. खर्चाची वही माझ्याकडे आहे, पण या एका गोष्टीत मला कोणी विचारत नाही. नेमकी किती लागते हो? आणि विचारू की नको असं वाटतंय, पण विचारते: संगीताच्या दिवशी वरमाईने एखादा ग्लास वाइन घेतली तर बरं दिसेल का? – एक वरमाय, ऐरोली.’

वरमाई, नमस्कार.

आधी त्या २० खंब्यांकडे बघू, कारण तुमच्या घरचं नाक सध्या त्यांच्यावर टांगलेलं आहे. खंबा म्हणजे ७५० मिलीची पूर्ण बाटली. लार्ज पेग ६० मिलीचा. म्हणजे एका खंब्यात साडेबारा लार्ज आणि वीसांत अडीचशे. संगीताला माणसं ९०. त्यातून तुमच्या सासूबाई, शाळकरी भाचरं, न पिणारे काका-मामा आणि नुसती बिअर घेणारे वजा केले, तर व्हिस्की-रम घेणारे उरतील पंचवीस. माणशी दहा लार्ज. दहा लार्ज घेतलेला माणूस संगीतात नाचत नाही, त्याला दोघांनी धरून रिक्षात घालावं लागतं. वर १० पेट्या बिअर म्हणजे १२० मोठ्या बाटल्या, त्या वेगळ्याच.

मी २२ वर्षं नौपाड्यात आमच्या घरच्या केटरिंगची कोठी सांभाळली. तांदूळ, तेल, बेसन, सिलिंडर, आणि पुढे पुढे लग्नघरच्यांनी आणून ठेवलेल्या दारूच्या पेट्यांची राखणही. तेव्हा शिकले ते एवढंच की आचाऱ्याला विचारलं तर तो जास्त सांगतो, कारण कमी पडलं तर शिव्या त्याला बसतात. आणि पाहुण्यांतला जाणकार त्याहून जास्त सांगतो, कारण पैसे त्याचे नसतात. नणंदेच्या यजमानांचा अंदाज कुठून आला असेल, याचीही मला थोडी कल्पना आहे. ऐरोलीत राहायचं आणि दिवा गावातली नाहीतर रबाळे-गोठिवलीची हळद पाहिली नाही, असं होत नाही. आगरी-कोळ्यांची हळद रात्रभर चालते. अख्खं गाव येतं, बायका धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणत असतात, मटणाचं एक पातेलं उतरलं की दुसरं चढतं. तिथलं माप त्या रात्रीचं आणि त्या गावाचं. तुमचं संगीत साडेसातला सुरू होणार आणि साडेदहाला हॉलवाला खुर्च्या उलट्या करायला घेणार. तीन तास. तेवढ्याचाच हिशेब करायचा.

पण त्याआधी रिसेप्शनचं मिटवून टाकते. तिथे दारू ठेवू नका.

आपल्याकडचं रिसेप्शन डोळ्यांपुढे आणा. माणूस पावणेआठला लॉनवर पोहोचतो, गाडी लावण्यात दहा मिनिटं जातात. खिशातलं पाकीट चाचपत रांगेत उभा राहतो. रांग स्टेजच्या पायरीपासून निघून आइस्क्रीमच्या काउंटरपर्यंत आलेली असते. पुढे कोणीतरी बारा जणांचा ग्रुप फोटो काढत असतं, बायकोच्या नव्या चपला चावत असतात. अर्ध्या तासाने स्टेज, पाकीट, ‘अभिनंदन’, फोटोग्राफरचं ‘काका, इकडे बघा’. खाली उतरला की थेट ताट हातात. पनीर, पुलाव, गरम जिलेबी, आणि नऊ वाजता पार्किंगवाल्याला नंबर सांगतो, कारण उद्या सोमवार. या माणसाने प्यायचं कधी? रिसेप्शनला पितात ते घरचेच पंधरा-वीस जण, ज्यांना रांगेत उभं राहायचं नसतं. आणि ते पंधरा-वीस जण शुक्रवारी पिऊन झालेले असतील.

आता ते माणशी पॅकेज बघा. समजा केटरर माणशी ८०० रुपये म्हणतोय. चारशे जणांचे झाले ३ लाख २० हजार. त्यात तुमच्या आत्याबाई आल्या, व्याह्यांकडचे सगळे माळकरी आले, सहावीतली पोरंही आली. प्रत्यक्षात ६० जण प्यायले, तर एकेका पिणाऱ्याचे तुम्ही पाच हजारांच्या वर मोजले. ‘अनलिमिटेड’ हा शब्द केटररच्या फायद्याचा असतो, हे मी धंद्यात राहून सांगते. पॅकेज घ्यायचंच झालं तर ‘उघडेल तितकं बिल’ असं घ्यावं आणि रिकाम्या बाटल्या आपल्या माणसाने मोजाव्यात. पण तुम्हाला त्याचीही गरज नाही. रविवारी कोकम सरबत, मसाला ताक, ताजा लिंबू सोडा; मुलांसाठी एक रंगीत मॉकटेल ठेवा, ती खूश.

तर सगळं शुक्रवारवर आलं. वही उघडा.

९० जणांची यादी लिहा. नावं लिहा, ‘मामा कुटुंब ५’ असं नको. प्रत्येक नावापुढे एक अक्षर: व्ही, र, बि, वा किंवा ना. व्हिस्की, रम, बिअर, वाइन आणि ‘नाही’; कोणी व्होडका-जिनवाला निघाला तर तसं पूर्ण लिहा. हे काम नवऱ्याला एकट्याला देऊ नका. पुरुषांनी केलेल्या अशा यादीत एकाही बाईपुढे अक्षर नसतं, असा माझा अनुभव आहे. मुलाला आणि मुलीला, किंवा भाचीला, शेजारी बसवा. ऑफिसमधल्या कोणत्या मुली वाइन घेतात, कोणती वहिनी घरी बिअर घेते पण सासरच्यांसमोर घेणार नाही, हे त्यांना ठाऊक असतं. आणि ज्यांच्याविषयी शंका असेल त्यांच्यापुढे ‘ना’ लिहा. शंकेतले निम्मे घेतात, निम्मे घेत नाहीत, आणि घेणारे एकावर थांबतात.

यादी करताना वयही बघा. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि व्हिस्की-रम-व्होडका अशा हार्ड ड्रिंकला २५. मुलाचे २२-२३ वर्षांचे चुलतभाऊ ‘आम्ही मोठे आहोत’ म्हणतील. माइल्ड बिअर आणि वाइनपुरते आहेत. १९ वर्षांचा भाचा कशालाच नाही. बारवर उभ्या राहणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी त्याला कोणी दटावायचं, यावरून भांडण होतं.

समजा, सगळी अक्षरं मोजल्यावर ५५ जण पिणारे निघाले: १९ व्हिस्कीचे, ४ रमचे, दोघं व्होडका किंवा जिनचे, २० बिअरचे आणि १० वाइनचे. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, रीत हीच राहील. तीन तासांच्या कार्यक्रमात जेवण वेळेवर असेल तर माणशी सरासरी तीन लार्ज धरते. कोणी दोन घेतो, कोणी पाच, सरासरी तीनच्या वर जात नाही.

व्हिस्की: १९ त्रिक ५७ लार्ज. एका बाटलीचे बारा धरा, अर्धा सांडण्याला. पाच बाटल्या झाल्या. वर एक सीलबंद, ती शेवटपर्यंत उघडायची नाही. सहा.

रम: १२ लार्ज, एक बाटली. रमवाले निष्ठावान असतात, संपली तर व्हिस्कीकडे वळत नाहीत, नुसते उदास होतात. दोन घ्या, कोलाच्या बाटल्यांसकट.

व्होडका किंवा जिन: एक पुरे.

बिअर: डिसेंबर आहे. मे महिना असता तर मी व्हिस्की कमी करून बिअर दुप्पट सांगितली असती. माणशी ६५० मिलीच्या दोन बाटल्या, म्हणजे ४०. पेटी १२ची असते, म्हणून चार पेट्या, ४८. सगळी स्ट्राँग उचलू नका. पुरुषमंडळी दुकानात गेली की स्ट्राँगच मागतात, ‘तेवढ्याच पैशात जास्त’ म्हणून. निम्मी तरी माइल्ड.

वाइन: माणशी दोन ग्लास, १५० मिलीचे. वीस ग्लास म्हणजे चार बाटल्या, वर एक. पाच. नाशिककडची साधी रेड आणि व्हाइट चांगली चालते, परदेशी लेबलच्या मागे लागू नका. आणि कॉर्क काढायचा स्क्रू पिशवीत टाका. हॉलवर तो कधीच नसतो, मग कोणीतरी कॉर्क पेनाने आत ढकलतं आणि सगळ्यांच्या ग्लासात बुचाचा भुसा तरंगतो.

एकूण हार्डच्या नऊ बाटल्या, चार पेट्या बिअर, पाच वाइन. वीस आणि दहा कुठे गेले, ते नणंदेच्या यजमानांना वहीतच दाखवा. नावं बघितली की माणूस वाद घालत नाही, कारण नावाशी वाद घालायचा तर ‘हा माणूस दहा पेग पितो’ असं मोठ्याने म्हणावं लागतं.

दर मात्र नव्याने विचारा. २०२५च्या जूनमध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचं (सरकारी भाषेत आपल्याकडे बनणारी व्हिस्की-रमही त्यातच) उत्पादन शुल्क बरंच वाढवलं. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला आकडा कोणी तोंडावर फेकला, तर तो धरू नका. न उघडलेल्या बाटल्या परत घेणार का, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा. आणि पक्कं बिल घ्या.

गोव्याचं सोडून द्या. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्राचं शुल्क न भरता इकडे आणणं हा गुन्हा आहे, आणि सिंधुदुर्गापासून इथपर्यंत वाटेत कुठेही गाडी उघडायला लावतात. नवरदेवाच्या आत्याचे यजमान संगीताच्या दिवशी चेकनाक्यावर बसलेत, हे चित्र वाचवलेल्या पैशांत बसत नाही. ‘मिलिटरी कँटीनची देतो’ म्हणणारा एक जणही प्रत्येक लग्नात उगवतो. ती बाटली त्या जवानाच्या स्वतःच्या वापराची असते, वऱ्हाडाला पाजायची नसते.

परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. हॉलकडे स्वतःचा बार परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता तात्पुरता परवाना काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. हॉलवाल्याची संमती लागते, ती लेखी घ्या, ‘हो हो, होऊन जाईल’ यावर राहू नका. त्याच वेळी कॉर्केजचं विचारा; स्वतःची दारू आणली तर काही हॉल बाटलीमागे पैसे लावतात आणि ते बिल शेवटच्या रात्री हातात देतात. कायद्याने पिणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. विदेशी दारूचा एका दिवसाचा ५ रुपयांचा, वर्षाचा १०० रुपयांचा आणि आयुष्यभराचा १००० रुपयांचा, अशी जुनी रीत आहे. घरातल्या नेहमीच्या पिणाऱ्यांनी आजवर काढला नसेल तर या निमित्ताने काढावा, मुलाच्या लग्नाचा तेवढा तरी उपयोग. त्या दिवसाच्या तात्पुरत्या परवान्याची प्रत बार काउंटरवर चिकटवा.

आणि तारीख तपासा. कार्तिकी एकादशी ड्राय डे असतो, तिच्या दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं लागतात आणि माणसांची सुरू होतात. त्यामुळे नोव्हेंबरातले यजमान हमखास फसतात. तुम्ही डिसेंबरात आहात, तुम्हाला ही अडचण नाही. पण मध्येच कुठली निवडणूक लागली, तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या भागातली दुकानं बंद असतात, आणि तात्पुरता परवानाही कामाचा राहत नाही. खरेदी निदान चार दिवस आधी उरका.

आता बर्फ. तुम्ही बर्फाविषयी काहीच विचारलं नाहीत, कोणीच विचारत नाही. दारू कमी पडल्याने कार्यक्रम फसलेला मी क्वचित पाहिला. बर्फामुळे फसलेले किती, मोजलेच नाहीत. त्यातला एक माझाच.

माझ्या सख्ख्या भाच्याचं संगीत, कळव्याला, ऐन मे महिन्यात. बाटल्या मी स्वतः मोजून आणलेल्या, आज तुम्हाला सांगतेय तशाच. कार्यक्रम आठला. बर्फ मी मागवला चारला, हाताशी असलेला बरा म्हणून. लादी गोणपाटात, भुशात गुंडाळून आली आणि पोरांनी ती हॉलच्या मागच्या बाजूला टेकवून ठेवली, जिथे सहापर्यंत ऊन असतं. सव्वाआठला बारवाला पोरगा माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, ‘मावशी, बर्फ?’ मागे जाऊन पाहिलं. गोणपाट ओलंचिंब, भुसा जमिनीला चिकटलेला, आणि आत लहान मुलाच्या चपलेएवढा तुकडा. एक उत्साही मावसभाऊ ‘मी बघतो’ म्हणून स्कूटर घेऊन गेला आणि वीस मिनिटांत थर्माकोलची पेटी भरून बर्फ घेऊन आला. कुठून आणला, हे कोणी विचारलं नाही. पहिला घोट घेतल्यावर सगळ्यांना कळलं. मासळी बाजारातून. त्या रात्रीच्या व्हिस्कीला बोंबलाचा वास येत होता, आणि भाच्याचे सासरे अजून मला भेटले की ‘मावशी, बर्फ कसा आहे?’ म्हणून विचारतात.

म्हणून दोन वेगवेगळे बर्फ घ्या. ग्लासात टाकायला पिशवीबंद क्यूब्ज, वीस-पंचवीस किलो, संध्याकाळी सातला येतील असे. बिअर आणि वाइन गार करायला पाव लादी, ती साडेपाचला, टबात, सावलीत. लादीचा बर्फ ग्लासात जाऊ देऊ नका; कारखान्यातला प्रत्येक बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असं नाही. म्हणून तर खाण्याजोगा नसलेला बर्फ निळसर रंगवावा, असा नियम राज्यात २०१८ला आला. निळी झाक दिसली तर तो बाटल्यांच्या बाहेरच राहू द्या. बर्फवाल्याला गुरुवारी एकदा आणि शुक्रवारी दुपारी एकदा फोन.

सोड्याच्या पंधरा-वीस बाटल्या, कोला, लिंबं, आणि पाण्याचे जार भरपूर. काचेचे ग्लास हॉलवाल्याकडून माणशी दोन.

खाणं दारूच्या आधी आलं पाहिजे. साडेसातला बार उघडणार असेल तर सव्वासातला पहिली प्लेट फिरायला लागलेली हवी. नुसते खारे दाणे आणि वेफर्स ठेवू नका, त्याने तहान वाढते आणि पोट रिकामंच राहतं. चिकन टिक्का, पनीर, उकडलेली अंडी, चणे, कांदाभजी, पोटाला आधार होईल असं काहीही. जेवण साडेआठला लावा. केटरर म्हणेल, ‘पिणाऱ्यांना उशिराच लागतं.’ त्याला लागतं उशिरा, कारण त्याचा माल कमी जातो. पिणारा माणूस ताट दिसलं की उठतो. ताट दिसलंच नाही तर आणखी एक भरतो.

बारवर पाहुण्यांतला कोणी बसवू नका, अगदी हौशी असला तरी. घरचा माणूस ओततो तेव्हा सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. पहिल्या तासात तीन बाटल्या संपतात आणि सगळ्यांना वाटतं, कमी पडणार. एक भाड्याचा बारटेंडर, त्याच्या हातात पेग मेजर, आणि त्याला तीन सूचना. एका वेळी एकाच ब्रँडची एकच बाटली उघडायची. मागितल्याशिवाय लार्ज भरायचा नाही, पहिल्यांदा ३० मिलीचा स्मॉल. पावणेदहाला शेवटचा राउंड, दहाला काउंटर बंद, मग नवरदेव स्वतः आला तरी. पेट्या आतल्या खोलीत, चावी तुमच्या कमरेला. वही तुमच्याकडे आहेच.

घरी पोहोचवायची सोय आमंत्रणाबरोबरच ठरवा. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ३० मिलीग्रॅम म्हणजे फार नसतं. ‘दोनच घेतलेत’ म्हणणारा त्यात बसेल याची खात्री नाही. आणि दंड ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. ठाण्याकडच्यांना लोकल आहे, ऐरोलीहून काही मिनिटांत पोहोचतात, तरी लटपटत्या माणसाला फलाटावर सोडू नका. एक १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर ठाणे-कल्याणकडच्यांसाठी आणि दोन गाड्या वाशी-नेरूळकडे. त्या ड्रायव्हरांचं जेवण साडेआठच्या पहिल्या पंगतीत, आणि त्यांना एक थेंब नाही. दरवर्षी कोणीतरी दिलदार पाहुणा ड्रायव्हरला क्वार्टर देतो. तो पाहुणा कोण, हे तुम्हाला यादीतूनच कळेल.

व्याह्यांना फोन तुम्हीच करा. नवऱ्याला सांगितलंत तर तो ‘त्यांना कशाला सांगायचं’ म्हणेल आणि मग एखादा फोटो स्टेटसवर दिसेल. विहीणबाईंना सरळ सांगा: शुक्रवारी आमच्या मुलांचा कार्यक्रम आहे, त्यात पिणंखाणं असेल, रविवारी लग्नात आणि रिसेप्शनला काही नसेल, तुम्ही निश्चिंत या. माळकरी घरातली माणसं दुसऱ्याच्या घरी काय चालतं, हे पाहून रागावत नाहीत, आपल्यापासून लपवलं म्हणून रागावतात. त्यांच्याकडचं कोणी शुक्रवारी आलंच, तर शाकाहारी जेवणाचा काउंटर वेगळा आणि बारपासून लांब ठेवा.

राहिले धाकटे दीर. चार वर्षं झाली, म्हणजे त्यांनी या चार वर्षांत चार दिवाळ्या, चार ३१ डिसेंबर आणि किती बारशी कोरडी काढली असतील. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यांना काय झेपतं. त्यांच्याविषयी घरात कुजबुज करण्यापेक्षा एकदा चहाला बोलावून विचारा, ‘भावोजी, शुक्रवारी तुम्हाला कसं सोयीचं?’ म्हणतील मी येतो, तर या. म्हणतील तासभर येऊन जातो, तर तसं. म्हणतील रविवारीच येतो, तर त्यावर रुसू नका आणि कोणाला रुसू देऊ नका. ते दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जात असतील आणि बरोबर एखादा सोबती आणायचा म्हणाले, तर त्याचं ताट धरा. ‘तुम्ही पीत नाही, तुम्हीच बार सांभाळा’ असलं हुशार काम त्यांच्या गळ्यात घालू नका, लोक हटकून घालतात. आणि ‘आज पुतण्याचं लग्न, आज तरी एक’ असं म्हणणारा जो कोणी असेल (मला वाटतं, तो खंब्यांवाला गृहस्थच असेल), त्याला आधी बाजूला घेऊन तुम्ही स्वतः सांगा, नवऱ्यामार्फत नको.

याच कारणासाठी उरलेली बाटली त्या रात्री तुमच्या घरी आणू नका. सीलबंद असेल ती दुकानात परत, नाहीतर मुलाच्या मित्राच्या गाडीत, त्याच्या घरी. उघडलेली वाइन तशीही चार दिवसांत बिघडते. एकाच बिल्डिंगमध्ये राहता, जिन्यात बाटल्यांचा आवाज वरपर्यंत जातो.

रविवारचं एक राहिलं. रिसेप्शन कोरडं ठेवलंत की डिकी बार उघडतो, हे धरून चाला. लॉनच्या मागे, जनरेटरच्या आवाजात, कुठल्यातरी गाडीची डिकी वर जाते, कागदी ग्लास निघतात, वर्तमानपत्रावर शेव ओतली जाते आणि पाच-सहा सूटवाले वाकून उभे राहतात. हे थांबवायला कोणी सुरक्षारक्षक ठेवू नका, तमाशा होतो. नणंदेच्या यजमानांनाच पार्किंगची जबाबदारी द्या. मानाचं काम आहे, छातीला बिल्ला लावा, आणि व्याह्यांची मंडळी कोणत्या गाडीने कधी येतात, हे बघायला सांगा. डिकी उघडणारा माणूसच गाड्या लावत असला की डिकी उघडत नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. घ्या की. मुलगा तुमचा, लग्न तुमच्या घरचं, वही तुमची. साडेनऊला, जेवण सगळ्यांना पोहोचलं की, भाचीला सांगा आणून द्यायला आणि खुर्चीत बसून घ्या, उभ्याने नको. मी पाचवी बाटली राखीव धरली होती ना, तुमचा ग्लास तिच्यात बसतो.